मोऱ्याचं दुखणं

शीतलची पिशवी काढायची असं ठरलं, तेव्हा तिचा नवरा देवानंद समोरच बसून भाकरी खात होता. ठरवलं त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईनं. पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. तेलंगणातल्या आमच्या बेल्याकडच्या गावांत हा शब्द बाया बाजाराच्या पिशवीइतक्या सहज उच्चारतात. लक्ष्मीबाईची स्वतःची बत्तिसाव्या वर्षीच काढलेली. "कटकट गेली माही," असं ती येताजाता सांगायची, आणि तेव्हापासून कंबर धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं, पण या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

शीतल सत्तावीस वर्षांची, तिची हर्षाली चार वर्षांची. होळीपासून शीतलला पांढरं जायला लागलं होतं. खाज सुटायची, लघवीला आग व्हायची. आधी आशाताईंच्या गोळ्या झाल्या, मग गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं, मग आदिलाबादला एका खासगी दवाखान्यात चकरा. औषध घेतलं की बरं वाटायचं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. "नवऱ्यालाही घेऊन या," असं तिथल्या मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. देवानंदनं तेव्हा फवारणी चालू आहे असं सांगितलं. दुसऱ्यांदा त्याला कपाशीतली डवरणी आठवली, तण काढायची. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, सारखं सारखंच होत असेल तर पिशवी काढून मोकळ्या व्हा.

लक्ष्मीबाईला ते पटलं. तिचा सुनेवर राग नव्हता, उलट सुनेची सुटका करतोय असंच तिला वाटत होतं. "सोमवारी जाऊ," ती म्हणाली. "मी येतो संगं. काई भेवाचं नाई. माही काढली, काय झालं मले?"

शीतलनं नवऱ्याकडं पाहिलं. देवानंदनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तो पुरता विरघळेपर्यंत बुडवूनच ठेवला.

कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. हे दुखणं शीतलच्या आधी त्याला झालं होतं. पुढची कातडी लाल होऊन सुजायची. आत पांढरा थर साचायचा, त्याला आंबूस वास यायचा. कातडी मागं सरकवायला गेलं की चिरा पडायच्या, म्हणून त्यानं सरकवणंच सोडलं होतं. शीतल औषधानं बरी झाली की तो तिच्याजवळ जायचा. तिचं पुन्हा सुरू झालं की पाठ करून झोपायचा. असं चार-पाचदा झाल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला होता, आणि उजेड पडूनही तो गप्प होता.

आता कोणी म्हणेल, एवढा बाप्या माणूस, बायकोचं पोट फाडायची वेळ आली तरी तोंड उघडेना? मलाही त्याचा राग येतो. पण तोंड उघडायला शब्द लागतो. त्या जागेसाठी देवानंदकडे शब्दच नव्हता. लहानपणी आई जो म्हणायची तो दुधाच्या दातांबरोबर पडून गेला, आणि मोठेपणी कानावर आल्या त्या सगळ्या शिव्या. आईसमोर, बायकोसमोर, डॉक्टरसमोर नीट उभं राहून म्हणता येईल असा एक शब्द एकतीस वर्षांच्या माणसाजवळ नसावा, अशी आमची शिकवण.

आणि आंघोळीचं म्हणाल तर आमच्याकडे न्हाणी बायांची. पुरुष अंगणात, नळाजवळच्या दगडावर, चड्डी घालून बसतो. समोरून लोक येत-जात असतात, रामराम चालू असतो. डोक्यावर पाणी, पाठीला साबण, पायांना दगड, की झाली आंघोळ. ओली चड्डी टॉवेलाआड बदलायची आणि शेताला निघायचं. चड्डीच्या आत जेवढं पाणी आपल्या मर्जीनं जाईल तेवढंच जाणार. देवानंदचा बाप डोमाजी असाच आंघोळ करायचा, आणि त्यानंच देवानंदला त्या दगडावर बसवलं होतं. बैलांची गोष्ट मात्र वेगळी. बैल धुताना डोमाजी शेपटीखाली, खुरांच्या बेचकीत, सगळीकडं हात घालायचा आणि पोरालाही घालायला लावायचा. मळ कुठं बसतो ते जनावराच्या बाबतीत या घरात सगळ्यांना पाठ होतं.

त्यामुळे देवानंदला जो रस्ता सुचला, तो त्यालाच सुचू शकत होता. शुक्रवारी तो बेल्याला गेला आणि माणिकरावांना गाठलं. माणिकराव म्हणजे आमचे गोपालमित्र, मोटारसायकलवर गावोगाव फिरून गुरांना सुया देणारे. ते हॉटेलापुढं चहा पीत उभे होते.

"बैलाले तरास हाय, भाऊ," देवानंद म्हणाला.

"कोनत्या?"

"मोऱ्याले."

"काय होते?"

देवानंदनं मागंपुढं पाहिलं. "लघवीच्या जागी सूज हाय. कातडी लाल झाली. आतून पांढरं येते. वास येते. मागं सरकवाले गेलं तं चिरा पडते."

बैलाचं म्हटल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं, आणि हलकंही वाटलं.

"कवापासून?"

"होळीपासून. थोडं आंधीपासूनच."

माणिकरावांनी कप खाली ठेवला. "होळीपासून, अन् आता येऊन राह्यला तू? मुकं जनावर हाय म्हनून काय झालं? त्याले सांगता येत नाई, तुले तं येते ना. लाज वाटाले पायजे, देवानंद."

देवानंदनं मान खाली घातली. एवढी खरी लाज त्या हॉटेलापुढं कुणाला वाटली नसेल.

"कामाले चालते?"

"चालते. पन घासते त्याले, चालताना."

"घासते हे तुले कसं समजलं?"

"चालीवरून," देवानंद म्हणाला.

माणिकरावांनी डबीतून लाल दवेचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, खडे कागदात बांधून दिले. बादलीभर पाण्यात दोन-तीन खडे टाकायचे, पाणी फिकं गुलाबी दिसलं पाहिजे, जांभळं नाही, असं बजावून सांगितलं. येऊन बैल पाहतो असंही म्हणाले. देवानंद म्हणाला, तुम्ही कशाला येता एवढ्या लांब, मी लावतो ना.

घरी आल्यावर बाया कापूस वेचणीला गेलेल्या पाहून तो न्हाणीत शिरला. जन्मात पहिल्यांदा त्यानं न्हाणीचं दार आतून लावलं. बादली नव्हती, तांब्या होता. आणि कापसावर अळी जास्त दिसली की पंपात झाकणभर औषध जास्त टाकायचं ही आमच्या शेतकऱ्यांची सवय. दुखणं जुनं आहे, दोन खड्यांनी काय व्हायचं, असं म्हणून त्यानं सगळा कागद तांब्यात झटकला. पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. तो टॉवेल तोंडात धरून भिंतीला टेकून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. कातडी तपकिरी पडली, चड्डीवर डाग उमटले. चड्डी त्यानं स्वतः धुतली आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं वाळत घातली. या घरात पुरुषानं स्वतःची चड्डी धुतली, हेच संशय यायला पुरेसं होतं.

रविवारी सकाळी माणिकराव आलेच. कर्तव्याला पक्का माणूस, त्याला कोण काय करणार. डोमाजी अंगणात दोर वळत बसला होता. लक्ष्मीबाई ज्वारी पाखडत होती आणि शीतल सोमवारी दवाखान्यात न्यायचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होती.

"कसा हाय मोऱ्या?" माणिकरावांनी विचारलं.

"त्याले काय झालं?" डोमाजी म्हणाला.

"काय झालं काय विचारता डोमाजी? होळीपासून सुजून हाय म्हने. लघवीची जागा लाल, आतून पांढरं, वास, चिरा. अन् तुमच्या घरात पत्ता नाई?"

डोमाजी उठला. त्याच्या बैलाला त्याच्या देखत कोणी घाण म्हणावं, हे त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. दोघे गोठ्यात शिरले. माणिकरावांनी वाकून, हात लावून, सगळीकडून पाहिलं. मोऱ्या निवांत रवंथ करत होता. मग त्यांनी दुसरा बैलही पाहिला. तोही चांगला.

"याले तं काईच नाई," माणिकराव बाहेर येऊन म्हणाले. "देवानंदनं सोता सांगतलं मले. लाल दवा बी नेली."

"देवा," डोमाजीनं हाक मारली, "काय सांगतलं रे तू?"

देवानंद दारात उभा होता. "वाटलं मले तसं," तो म्हणाला. "आता बरा झाला असन."

माणिकराव चहा न घेता गेले. डोमाजी बराच वेळ पुटपुटत राहिला की पोराला बैल कळत नाही. लक्ष्मीबाईनं सूप खाली ठेवलं नाही. फक्त शीतलच्या हातातली घडी अर्धीच राहिली होती. होळीपासून हा शब्द तिच्या ओळखीचा होता, आणि पऱ्हाट्यांमागं वाळत घातलेली डागांची चड्डी तिनं कालच पाहिली होती.

थोड्या वेळानं देवानंद पाणी प्यायला आत आला, तेव्हा ती चुलीपाशी उभी होती.

"लाल दवा मोऱ्याले लावली का तुमी?"

"हो."

"मंग मोऱ्या चड्डी घालते का?"

देवानंदच्या हातातला पेला तसाच राहिला. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

"होळीपासून मी सोताले घान समजून राह्यली," ती म्हणाली. आवाज हळू होता, कारण बाहेर सासू होती. "तुमी पाठ करून झोपाले लागले, तं मले वाटलं, माह्या वासानं. मी दिवसातून तीन-तीनदा धुतलं. साबनानं धुतलं, डेटॉलनं धुतलं. आगआग झाली तरी धुतलं. अन् तुमी पाहून राह्यले होते."

तिला तसं वाटतंय हे देवानंदला कळलं होतं, आणि त्यानं ते तसंच राहू दिलं होतं. सोयीचं होतं ते. आता ते आठवून त्याला कुठं तोंड लपवू असं झालं, पण घर दोन खोल्यांचं.

"सरकारी दवाखान्यात जाऊ आपन दोघं," तो शेवटी म्हणाला. "मायले काई सांगू नोको."

"अन् आत्याबाईले काय सांगू? पिशवी काऊन नाई काढाची? मी सांगतलं तं म्हनतीन, सून आपलं दुखनं पोराच्या अंगावर ढकलते." तिनं पदर खोचला. "मी उद्या त्याइच्या संगं जाईन. थांबवाचं असन तं तुमी थांबवा. नाई तं टेबलावर झोपीन मी."

सोमवारी तिघं बसमध्ये बसले. लक्ष्मीबाई सुनेला धीर देत होती. सुई पाठीत टोचतात, काही समजत नाही, आठ दिवस जड उचलायचं नाही, आपलं आपल्यालाच हलकं वाटतं. तिनं स्वतःच्या वेळी कोण डबा आणायचं तेसुद्धा सांगितलं. शीतल हूं हूं करत खिडकीबाहेर पाहत होती. देवानंद मागच्या सीटवर बसून वाक्य जुळवत होता. प्रत्येक वाक्य त्या एका जागी येऊन अडकायचं. आदिलाबादचा बसस्टँड आला, सगळे उतरले, तरी त्याचं वाक्य झालं नव्हतं. लक्ष्मीबाईनं ऑटो ठरवला आणि आत एक पाय टाकला.

"मा," देवानंद म्हणाला, "तिकडं नाई जायाचं."

"काऊन?"

"शीतलले काई नाई. मले हाय."

"तुले काय हाय?"

त्याचे कान तापले. ऑटोवाला आरशातून पाहत होता, केळीवाला पाहत होता, निदान त्याला तसं वाटलं. शीतल जमिनीकडं पाहत होती आणि तिनं त्याला मदत केली नाही.

"माणिकरावले मोऱ्याचं जे सांगतलं," तो म्हणाला, "ते."

लक्ष्मीबाईला समजायला वेळ लागला. "मोऱ्याले तं काईच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

तिनं ऑटोतला पाय काढून घेतला. कंबरेवर हात ठेवून ती स्टँडच्या बाकापर्यंत गेली आणि बसली. ऑटोवाल्यानं चलना है क्या विचारलं, दोनदा विचारलं, आणि शिवी देऊन निघून गेला. देवानंद आईसमोर उभा राहिला. लहानपणी मार खाताना उभा राहायचा तसाच. पण तिनं हात उचलला नाही.

"मी हिची पिशवी काढाले नेत होती," ती म्हणाली. "अन् तू संगं येऊन राह्यला होता. गुपचूप." मग म्हणाली, "पाच वर्साचा होता तवा मी तुले आंघोळ घालनं सोडलं. पोराची जात, म्हटलं आता बापाकडं. बानं नाई शिकवलं तुले?"

"बा बी चड्डीवरच करते," देवानंद म्हणाला.

लक्ष्मीबाई बाकावरून उठली. सरकारी दवाखान्यापर्यंत चालत जाऊ, एवढंच म्हणाली.

चमडीच्या डॉक्टरसमोर देवानंदला पुन्हा सगळं सांगावं आणि दाखवावंही लागलं, आणि खोलीत दोन शिकाऊ डॉक्टरही होते, त्यातली एक मुलगी. ती खिडकीकडं वळली, तरी ती आहे हे त्याला पाठीनं कळत होतं. डॉक्टर तेलुगू, हिंदीत बोलणारे. हे तपकिरी काय आहे, त्यांनी विचारलं. त्यानं लाल दवेचं सांगितलं. आंघोळ कशी करतोस, त्यांनी विचारलं.

"आंगन में," तो म्हणाला. "चड्डी पहनके."

डॉक्टर हसले नाहीत. कापावं लागेल का, हे देवानंदनं इतक्या हळू विचारलं की त्यांना दोनदा "क्या?" म्हणावं लागलं. नाही लागणार, ते म्हणाले. आधी शुगर तपासायला लावली, कारण असं पुन्हा पुन्हा होणाऱ्या माणसाला कधी कधी शुगर निघते. ती नीट निघाली. मग मलम लिहून दिलं आणि साधं सांगितलं. सूज उतरेपर्यंत जबरदस्ती करायची नाही. उतरली की रोज आंघोळीत कातडी हळूच मागं घ्यायची, साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, आणि कातडी पुन्हा पुढं आणायची. साबण चोळायचा नाही, डेटॉल नाही, लाल दवा तर नाहीच. फवारणी करून आलास तर आधी हात धू, मग लघवीला जा. दोघांनी औषध एकाच वेळी घ्यायचं, आणि दोघंही बरे होईपर्यंत लांब राहायचं.

एवढंच होतं. देवानंद बाहेर व्हरांड्यात आला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याला वाटत होतं की एवढ्याशा पाण्यासाठी आपण बायकोला टेबलापर्यंत नेलं.

शीतलला बायांच्या डॉक्टरनी तपासलं होतं. पिशवी ठणठणीत, फक्त जंतूंची लागण, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहते. तिथल्या नर्सनं शीतलला आणि लक्ष्मीबाईला बाकावर बसवून सगळं उलगडून सांगितलं, पुरुषानं कसं धुवायचं तेही, कारण पुरुष घरी येऊन सांगत नाहीत हे तिला माहीत असावं. शीतलनं ऐकलं. लक्ष्मीबाईनंही ऐकलं, आणि नर्सला दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. परतीच्या बसमध्ये ती कंबरेवर हात ठेवून बसली. शीतल मात्र खिडकीपाशी सरकून देवानंदला जागा करून बसली, त्याच्याकडं न पाहता.

घरी पोचले तेव्हा डोमाजी नुकताच शेतातून आला होता. लक्ष्मीबाईनं त्याला ताट वाढलं.

"काय म्हने डॉक्टर?" त्यानं विचारलं. "पिशवी कवा काढतीन?"

"नाई काढाची. तिची पिशवी चांगली हाय."

"मंग येवढे दिवस काय होतं?"

देवानंद उठून बाहेर निघाला. "बस तिथंच," आई म्हणाली, आणि तो दाराशी बसला. मग तिनं डोमाजीला सांगितलं. शब्द तिच्याजवळही नव्हते, म्हणून ती हातानं आणि अर्ध्या वाक्यांत सांगत गेली, पण थांबली नाही. कातडी मागं घेऊन पाण्यानं धुवावं लागतं, रोज. नाही धुतलं तर आत घाण साचते, आणि मग बाईला होते. डोमाजीचा हात ताटात थांबला.

"पोरासमोर काय बोलून राह्यली हे," तो म्हणाला.

"तुमी धुता का?"

डोमाजीनं वर पाहिलं नाही. चुलीपाशी शीतल होती, दाराशी देवानंद होता, आणि कुणाकडं पाहायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

"मले बी पांढरंच जात होतं," लक्ष्मीबाई म्हणाली. "दुसरं काईच नव्हतं मले. माही बी चांगलीच असन."